मावळच्या अंगणात वाळा लावा

मावळात किंवा लोणावळ्यात ज्यांचा बंगला आहे, फार्महाऊस आहे, नाहीतर गावातल्या घरापुढे चार हात अंगण आहे, त्या सर्वांना पावसाळा तोंडावर असताना एक विनंती करायची आहे. बागेत ज्या जागी लॉन टाकायचं ठरवलं असेल, त्यातली निदान निम्मी जागा वाळ्याला द्या. उताराची जागा द्या, बांधाची द्या, कुंपणालगतची द्या, छपराचं पाणी कोसळून माती उखडते तिथली द्या. वाळा आपल्याच मातीतलं गवत आहे. तो दिसायला देखणा आहे, एकदा धरला की मागणं काही नाही, आणि मावळासारख्या मुलखात तो जे काम करतो ते लॉन कधीच करणार नाही.

आधी लॉनचं बोलू. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुणे शहरात ७०० च्या आसपास. मावळ तालुका या दोन टोकांच्या मध्ये पसरलेला आहे. इतका पाऊस बघून बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं की इथे पाण्याची काय ददात असणार! पण हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबर एवढ्यातच कोसळून जातो. मुरमाचे चढउतार आणि खाली काळा कातळ, त्यामुळे पाणी थांबत नाही. फेब्रुवारी उजाडला की ओढे आटतात, विहिरी खाली जातात आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यावस्त्यांवर हंडे रांगेत लागतात. नेमक्या त्याच महिन्यांत लॉनला सर्वांत जास्त पाणी लागतं. कडक उन्हात एका चौरस मीटरला दिवसाला ५ लिटरच्या आसपास पाणी धरा. हजार चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. त्याला रोज साडेचारशे लिटरहून अधिक पाणी. १०,००० लिटरचा टँकर तीन आठवड्यांत संपतो. बंगला शनिवार-रविवारपुरता उघडत असला तरी हे पाणी रोज घालावंच लागतं.

पावसाळ्यातही लॉन इथे सुखी नसतं. लोणावळा-खंडाळ्याकडे आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. लाद्यांसारखं अंथरलेलं गवत खालून कुजतं, त्यावर शेवाळ धरतं, आणि उतारावर असेल तर खालच्या विकतच्या लाल मातीसकट घसरून गटारात जातं. दसऱ्यानंतर पुन्हा माती आणायची, पुन्हा लाद्या टाकायच्या, खत, औषध, कापणीचं यंत्र. हा खर्च दरवर्षीचा आहे आणि त्यातून मिळतं काय, तर चालायला एक हिरवा पट्टा. मुलांना खेळायला किंवा खुर्च्या टाकून बसायला लागेल एवढा तुकडा जरूर ठेवा. बाकीच्या जागेचा हट्ट सोडा.

आता वाळा. उन्हाळ्यात माठात टाकायची सुगंधी मुळं, खिडकीवर पाणी मारून सोडायचे पडदे, सरबत आणि अत्तर यांमुळे वाळा घरोघर ठाऊक आहे. पण ती मुळं ज्या गवताची, ते गवत उभं वाढलेलं फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. महाराष्ट्रात नदी-ओढ्यांच्या काठाने, पाणथळ जागी ते आपोआप उगवतं. त्याचं घट्ट बेट होतं. पाती लांब, ताठ आणि टोकाशी वाकलेली. पावसाळ्याच्या अखेरीस बेट चार-पाच फुटांचं होतं आणि मग त्यातून माणसाच्या उंचीच्याही वर फुलोऱ्याचे दांडे निघतात. फुलोरा जांभळट तपकिरी, हलका, वाऱ्याबरोबर सतत हलणारा. मावळात भाद्रपद-आश्विनात धुकं उठून तिरपं ऊन पडायला लागतं, त्या दिवसांत वाळ्याची रांग घरापुढे असली तर दुसऱ्या कुठल्याही शोभेच्या झाडाची उणीव भासत नाही. थंडीत पात्यांची टोकं पिवळी पडतात, पहाटेचं दव त्यांवर टिकून राहतं. कापून टाकल्यावर बुडखा हिरवा राहतो आणि वळवाचा पहिला शिडकावा झाला की पुन्हा फुटतो.

नर्सरीत जाल तेव्हा वाळा, खस किंवा व्हेटिव्हर या तिन्ही नावांनी विचारा. घेताना नीट बघून घ्या, कारण गवती चहा वाळा म्हणून गळ्यात पडण्याचा संभव असतो. ओळख सोपी आहे. पान चुरगळून वास घ्या. लिंबासारखा वास आला तर तो गवती चहा. वाळ्याच्या पानाला वास नसतो. त्याचा सगळा गंध मुळात. मग बुडखा पाहा. वाळ्याच्या प्रत्येक फुटव्याचं बूड गोल नसून चपटं असतं आणि पानांची बुडं एकावर एक दाबून बसवलेली दिसतात. मूळ धुऊन नखाने खरवडलं तर ओल्या मातीचा तो ओळखीचा वास लगेच येतो. ठोंब नर्सरीतून किंवा ज्याच्याकडे आधीपासून लावलेला आहे त्याच्याकडून आणा. ओढ्याच्या काठचं रानातलं बेट मुळासकट उपटून आणू नका. ते तिथे काठ धरून बसलेलं असतं.

वाळ्याची खरी ताकद जमिनीखाली आहे. बहुतेक गवतांची मुळं वरच्या वितभर मातीत पसरतात. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात. माती खोल असेल तर दोन-तीन मीटर सहज, कधी त्याहूनही जास्त. ती आडवी पसरत नाहीत म्हणून शेजारच्या आंब्याचं किंवा जास्वंदीचं अन्न ओढत नाहीत. हरळीसारखे धावते फुटवेही वाळ्याला नाहीत, त्यामुळे लावला तिथेच राहतो, वाफे गिळत नाही. ठोंब जवळजवळ लावून रांग केली की वर्ष-दोन वर्षांत त्यांची एक सलग, दाट भिंत होते. उतारावरून येणारं गढूळ पाणी त्या भिंतीत चाळणीतून गेल्यासारखं गाळून जातं. वेग मोडतो, माती वरच्या अंगाला साचते आणि पाणी तेवढं पुढे सरकतं. दरवर्षी साचणाऱ्या मातीने तिथे आपोआप पायरी तयार होते.

कर्नाटकात गुंडलुपेटजवळचे शेतकरी शेताच्या हद्दीवर पिढ्यान्‌पिढ्या वाळ्याच्या ओळी राखत आले आहेत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेसाठी भारतात काम करणाऱ्या जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी मृदसंधारणासाठी वाळ्याचा जोरदार पुरस्कार केला. थायलंडमध्ये राजे भूमिबोल यांनी १९९१ पासून तो देशभर लावण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे कोकण रेल्वेने डोंगर कापून काढलेल्या उतारांवर लोखंडी जाळ्यांच्या जोडीने वाळा लावला. भारतातून निघालेलं हे गवत जगभर रस्त्यांचे आणि कालव्यांचे उतार धरून आहे. मग जिथे दर पावसात माती वाहून जाते, त्या मावळात ते बंगल्यांच्या बागेत का नसावं?

मावळात आज प्लॉट पाडताना काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तुंगार्लीपासून पवना धरणाच्या काठापर्यंत आणि कामशेतपासून नाणे मावळापर्यंत जेसीबीने टेकडीचा उतार कापतात, निघालेला मुरूम खालच्या बाजूला लोटतात आणि सपाट झालेल्या जागेवर घर बांधतात. वर उभा कापलेला कडा, खाली मोकळा भराव. पहिल्याच पावसात भरावाला घळी पडतात आणि तो मुरूम खालच्या शेतकऱ्याच्या भातखाचरात जाऊन बसतो. इंद्रायणी तांदळाचं हे खाचर पिढ्यांनी बांध घालून घडवलेलं असतं. त्यात वीतभर मुरूम भरला तर त्या वर्षाचं पीक गेलंच. आपल्या बागेतली माती आपल्याच बागेत ठेवणं हे खालच्या शेजाऱ्याचं आपल्यावरचं देणं आहे. ते फेडायला वाळ्याच्या दोन-तीन ओळी हा सर्वांत स्वस्त उपाय.

लावायचा कसा, ते आता सांगतो. जमीन पहिल्या पावसाने चांगली भिजली की, म्हणजे साधारण जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, लागवड करा. जुलैतला धुवाधार पाऊस सुरू व्हायच्या आत मुळांनी जमीन धरली पाहिजे. लोणावळ्याच्या बाजूला जूनमध्ये जमलं नाही तर थेट ऑगस्टच्या अखेरीस पाऊस ओसरू लागल्यावर लावा. मधल्या झोडपणाऱ्या पावसात लावलेले ठोंब वाहून जातात. वडगाव-तळेगावकडे पाऊस बेताचा असल्याने जुलैभर लावलं तरी चालतं.

मोठं बेट खणून काढलं की ते कोयत्याने किंवा कुदळीने फोडा. प्रत्येक ठोंबात दोन-तीन फुटवे असू द्या. पानं वीतभर ठेवून वरची छाटून टाका, म्हणजे मुळं फुटेपर्यंत पाणी उडून जाणार नाही. मुळंही दोन-तीन बोटं ठेवून कापा. लांब मुळं खड्ड्यात दुमडली की ठोंब रुसतो. काढलेले ठोंब उन्हात पडू देऊ नका. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी लावा. खड्डा टिकावाच्या एका घावाएवढा पुरे. तळाला मूठभर शेणखत, ठोंब सरळ उभा, भोवती माती पायाने घट्ट दाबलेली. सैल मातीत हलता राहिलेला ठोंब हमखास मरतो.

अंतर हेतूप्रमाणे ठेवा. शोभेसाठी सुटी बेटं हवी असतील तर तीन फुटांवर एक लावा, म्हणजे प्रत्येक बेटाचा घेर दिसतो. माती अडवायची असेल तर चार ते सहा इंचांवर एक, सलग ओळीत. ही ओळ उताराला आडवी, एका पातळीत हवी. वरून खाली लावलेली ओळ पाण्याला वाटच करून देते. पातळी काढायला पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी धरतो तसं धरा. गावातला कुठलाही गवंडी हे तासाभरात करून देईल. ओळीत एखादा ठोंब मेला तर त्या महिन्यातच तिथे दुसरा लावा, कारण पाणी त्याच फटीतून घळ पाडतं.

वाळ्याला ऊन लागतं. दाट आंब्या-फणसाखाली किंवा दोन इमारतींच्या मधल्या सावलीत तो खुरटतो. तिथे हट्टाने लावू नका. जमिनीचा मात्र चोखंदळपणा त्याला नाही. मुरूम, लाल माती, भराव, पाणी साचणारा कोपरा, सगळं चालतं. जिथे वीतभर मातीखाली अखंड कातळ आहे तिथे मुळं तीन मीटर जाणार नाहीत हे उघड आहे, पण कातळाला भेगा असतील तर ती त्यांत शिरतात. भिंतीच्या पायापासून तीन फूट सोडून लावलेलं बरं.

पहिलं वर्ष थोडी काळजी घ्या. पाऊस संपल्यावर पहिल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आठवड्याला एखादं पाणी द्या, भोवतालचं तण काढा. कापलेली पानं तिथेच बुंध्याशी अंथरा, ओल टिकते. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या वाळ्याला पाणी घालायची गरज उरत नाही. उन्हाळ्यात तो थोडा करपल्यासारखा दिसेल, घाबरून नळी लावू नका. खत नाही, फवारणी नाही. वर्षातून एकदा छाटणी, एवढंच काम. जुन्या बेटाचा मधला भाग वाळून गेला तर त्यात वाळवी लागते, म्हणून तीन-चार वर्षांनी शोभेचं बेट खणून फोडावं आणि नव्याने लावावं. एका बेटातून डझनभर ठोंब सहज निघतात. ते शेजाऱ्याला द्या.

छाटणी चुकवू नका, कारण मावळात वणव्याचं भय खरं आहे. फेब्रुवारीपासून डोंगरावर आगी लागतात आणि वाळलेलं गवत, मग ते कुठलंही असो, पेट घेतं. जानेवारी संपायच्या आत वाळा जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर कापून टाका. कापलेली पानं जाळू नका. कोवळी गुरांना घाला, जून झालेली आच्छादनाला वापरा, गोठ्याच्या छपराला वापरा. लाकडी ओसरी, गॅसची टाकी किंवा सुक्या पाचोळ्याच्या ढिगाजवळ वाळ्याची रांग नको. कुंपणापलीकडे मोकळा डोंगर असेल तर कुंपणाबाहेरचं गवत साफ करून जाळरेषा ठेवायचं काम वाळा लावला तरी करावंच लागेल.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वाळा वरची एक-दोन मीटर माती धरतो. अख्खा डोंगर खचायला लागला तर तो थांबवणं गवताच्या आवाक्यातलं नाही. याच पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या रायगडात इर्शाळवाडी गाडली गेली. घराच्या वर उभा कापलेला कडा असेल, जमिनीला भेगा पडत असतील, झाडं किंवा खांब कलायला लागले असतील, नव्या ठिकाणी पाणी फुटत असेल, तर गवताचा विचार बाजूला ठेवा. आधी जाणकार अभियंत्याला जागा दाखवा आणि गरज पडली तर घर रिकामं करा. संरक्षक भिंतीतून पाणी निघायची भोकं बुजली नाहीत ना, हेही दर मे महिन्यात बघा. वाळा हा चांगल्या बांधकामाचा जोडीदार आहे, त्याची जागा घेणारा नाही.

मुळांचा मोह प्रत्येकाला होतो, तो रास्तही आहे. स्वतःच्या अंगणातल्या वाळ्याची जुडी माठात सोडण्याचं सुख वेगळंच. पण उतारावरची ओळ त्यासाठी खणू नका. ज्या मुळांनी माती धरली आहे तीच उपटली तर सगळं मुसळ केरात. मुळांसाठी वेगळी दोन-चार बेटं सपाट जागी, नाहीतर मोठ्या पिंपात किंवा जुन्या सिमेंटच्या पोत्यात वाळू-माती भरून लावा. दीड वर्षाने, थंडीत, पोतं फाडलं की मुळांचा अख्खा जुडगा हातात येतो. धुऊन सावलीत वाळवा. सदनिकेत राहणाऱ्यांनाही, गॅलरीत पाच-सहा तास ऊन येत असेल, तर हे जमण्यासारखं आहे. फक्त पोत्यातल्या वाळ्याला उन्हाळ्यात पाणी घालावं लागेल.

वाळा लावायला लागलात की आसपासच्या गवतांकडेही लक्ष जाईल, आणि ते जावंच. फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककान यांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा ग्रंथ १९३५ साली निघाला. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९५३ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. अशा अभ्यासकांनी ज्या गवतांसाठी आयुष्य वेचलं, ती आपण रान म्हणून उपटतो आणि त्यांच्या जागी परदेशी शोभेची गवतं विकत आणतो. आफ्रिकेतलं फाउंटन ग्रास हवाईत आणि दक्षिण अमेरिकेतलं पाम्पास न्यूझीलंडमध्ये बागेतून सुटून डोंगर व्यापून बसलं आहे. ती जोखीम सह्याद्रीवर आणायचं काही कारण नाही. कोरड्या, उन्हाच्या चढावर तिखाडी म्हणजे रोशा गवत लावा. त्याचं पान चुरगळलं की सुगंध येतो. गुरं असतील तर बांधावर मारवेल लावा. कुसळी गवत सोनेरी दिसतं, पण त्याची कुसळं कपड्यांत आणि कुत्र्यांच्या कातडीत शिरतात, म्हणून ते वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांबच ठेवा.

बंगल्यांच्या मालकांना आणखी एक सांगणं आहे. तुमच्या बागेची खरी देखभाल जवळच्या गावातला माळी किंवा राखणदार करतो. वाळा कुठे लावायचा, पाणी कुठून येतं, कुठला कोपरा दरवर्षी खचतो, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याला विचारून ओळी आखा, आणि निघालेले ठोंब त्याच्याही शेताच्या बांधाला जाऊ द्या. गृहसंकुलांच्या समित्यांनी रस्त्याकडेच्या आणि मागच्या भरावाच्या उतारांवर लॉनचा ठेका देण्याआधी एकाच उतारावर वाळा लावून दोन पावसाळे बघावं. ग्रामपंचायतींनी ओढ्याकाठच्या सार्वजनिक जागेत वाळ्याचं बेणं वाढवलं तर गावाला ठोंब विकत आणावे लागणार नाहीत.

म्हणून या मे महिन्यातच एक काम करा. घराभोवती फिरून गेल्या पावसाळ्यात माती कुठून वाहून गेली ती जागा हेरा, नर्सरीत शंभर ठोंबांची मागणी नोंदवा आणि जून उजाडला की पहिली ओळ लावून टाका. शंभर ठोंबांत सहा इंचांच्या अंतराने पन्नास फुटांची ओळ होते. एका घराला सुरुवात करायला तेवढी पुरेशी आहे.